रोज वीस शब्द

नव्वदच्या दशकात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक पुस्तक हमखास सापडायचं. अमेरिकेला शिकायला जाऊ पाहणाऱ्यांसाठी जीआरई या परीक्षेची शब्दयादी. साडेतीन हजार अवघड इंग्रजी शब्द, एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येकापुढे अर्थ आणि एखादं वाक्य. मी घेतलेली प्रत तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेली असावी. पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी निळ्या शाईने लिहून ठेवलं होतं, 'रोज वीस शब्द', आणि खाली दोनदा रेघ ओढली होती. आत 'अबेस', 'अबॅश', 'अबेट' या पहिल्या शब्दांपुढे पेन्सिलीच्या ठसठशीत खुणा. पान उलटलं की खुणा जरा फिकट. 'ॲब्स्टीमियस', म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा, या शब्दापुढे शेवटची खूण, आणि तिथून पुढे पुस्तक कोरं करकरीत.

दुकानदाराला मी विचारलं होतं, "काका, यात सगळे शब्द आहेत ना?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळे? आधी आहेत ते तर संपव. पुरून उरतील तुला."

पहिल्या रात्री मी शब्द पाठ करायचे सोडून हिशेब मांडत बसलो. रोज वीस, म्हणजे वर्षाला ७,३००. साडेतीन हजारांची यादी १७५ दिवसांत, म्हणजे सहा महिन्यांत संपते. दिवाळी आणि तापाचे दिवस धरले तर सात. हे काही अशक्य नव्हतं. पण मग मनात आलं, या यादीच्या बाहेर किती असतील?

त्याचं एक उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. २०१० च्या अखेरीस हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी छापील पुस्तकांच्या संगणकीय प्रतींवरून केलेली मोजणी 'सायन्स' नियतकालिकात आली. पुस्तकं होती ५० लाखांहून जास्त. त्यांच्या अंदाजाने १९०० साली इंग्रजीत ५ लाख ४४ हजार शब्द होते. १९५० साली ५ लाख ९७ हजार. २००० साली १० लाख २२ हजार. म्हणजे शतकाच्या पूर्वार्धात भाषा जेमतेम सरकली आणि उत्तरार्धात वर्षाला साडेआठ हजारांच्या वेगाने फुगली. वर यातले निम्म्याहून जास्त शब्द कुठल्याच मोठ्या शब्दकोशात नाहीत, असंही त्यांना आढळलं.

आता पुन्हा निळ्या शाईकडे या. वर्षाला आपण शिकणार ७,३००. भाषेत वर्षाला भर पडणार ८,५००. शाळेत काळ-काम-वेगाच्या गणितात एक टाकी असायची, एक नळ ती भरायचा आणि दुसरा रिकामी करायचा. इथे आपण वाटीने टाकी उपसायला बसलोय, दिवसाला वीस वाट्या, आणि वरच्या नळातून दिवसाला तेवीस वाट्या पडताहेत. आज असलेले शब्दच संपवायचे म्हटले तरी १४० वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात जवळपास १२ लाख नवे जमलेले असतील. जुन्यापेक्षा नवी थकबाकी मोठी! ही मोजणी जरा उदार आहे, हे मान्य. 'वॉक', 'वॉक्स' आणि 'वॉक्ड' यात वेगवेगळे धरलेत. पण निम्मी कापली तरी वाटीने ही टाकी एका आयुष्यात रिकामी होत नाही.

ही टाकी मोजायला जे जे बसले त्यांची गतही माझ्या पुस्तकाच्या आधीच्या मालकासारखीच झाली. १८५७ साली, म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली त्याच वर्षी, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत इंग्रजीचा संपूर्ण कोश करायची टूम निघाली. आज ज्याला आपण ऑक्सफर्डचा मोठा कोश म्हणतो तो हाच. १८७९ मध्ये जेम्स मरे या शाळामास्तरांनी संपादकपद घेतलं. अंदाज होता चार खंड आणि दहा वर्षं. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग छापून आला तेव्हा गाडी 'ए'पासून निघून 'अँट'पर्यंत पोहोचली होती. अँट म्हणजे मुंगी. वेगही तोच.

मरेंनी घराच्या बागेत एक पत्र्याची शेड उभारली होती आणि तिला भारदस्त लॅटिन नाव दिलं होतं, स्क्रिप्टोरियम. ऑक्सफर्डच्या घरी ती शेजाऱ्याच्या नजरेला खुपू नये म्हणून अर्धी जमिनीत रुतवावी लागली. परिणामी आत कायमची ओल, आणि थंडीत मरे पाय एका खोक्यात घालून काम करत. भिंतींवर १,०२९ खण. जगभरातले हौशी वाचक पुस्तकं वाचत, एखादा शब्द कुठल्या वाक्यात आला ते चिठ्ठीवर उतरवून धाडत. मरेंना अकरा मुलं. खाऊच्या पैशांसाठी ती या चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावायची. अशा ५० लाखांवर चिठ्ठ्या जमल्या. एका चिठ्ठीची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली आणि ती चळत सरळ उभी केली, तर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर एकावर एक सहा वेळा ठेवावा लागेल.

एवढ्या ढिगाऱ्यात एक शब्द हरवलाच. 'बॉंडमेड', म्हणजे गुलाम म्हणून राबणारी दासी. तिच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या, खंड छापून झाला आणि मग लक्षात आलं. बिचारी १९३३ च्या पुरवणीत आली. मरे १९१५ मध्ये गेले तेव्हा काम 'टी'वर होतं. पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांच्या कामाला ४९ वर्षं लागली. नोंदी ४ लाख १४ हजार ८२५. अवतरणं १८ लाख २७ हजार ३०६. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे २० खंड झाले, पानं २२ हजारांच्या घरात आणि वजन साठ किलोंच्या वर. घरी तांदळाचं पन्नास किलोंचं पोतं येतं ना, त्याहून जड.

पण या कोशातला मला सगळ्यात हादरवून गेलेला आकडा वेगळाच आहे, आणि तो कळेपर्यंत माझी शब्द पाठ करायची वर्षं उलटून गेली होती.

दुसऱ्या आवृत्तीतली सर्वांत लांब नोंद कुठल्या शब्दाची? एखाद्या हातभर लांबीच्या, जीभ वळवून मोडेल अशा शब्दाची असेल, असं वाटतं. ती आहे 'सेट'ची. अर्थछटा ४३०. तिसऱ्या आवृत्तीचं काम अजून चालू आहे. त्यात 'रन' या क्रियापदाने 'सेट'ला मागे टाकलं. अर्थछटा ६४५. ही एक नोंद लिहायला पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले. तीन अक्षरांचा शब्द, जो पहिलीतलं पोर शिकतं, आणि त्याला एका पंडिताचे नऊ महिने! माझ्या साडेतीन हजारांच्या यादीत 'रन' नव्हताच. 'सेट'ही नव्हता. ते तर 'येत होते'.

मराठी माणसाला हे कळायला कोशाची गरज नाही. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, दार लागतं, वेड लागतं, रांग लागते, निकाल लागतो, दृष्ट लागते, पाणी बाधतं तेव्हाही ते लागतं. परक्याला मराठी शिकवताना 'किंकर्तव्यमूढ' एका मिनिटात सांगता येतो. 'लागणे' सांगायला आयुष्य लागतं. बघा, इथेही लागलंच.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय की इंग्रजीतले अवघड म्हणून मिरवणारे शब्द सगळ्यात स्वस्त असतात. एक शब्द, एक अर्थ, एकदाच पैसे मोजायचे. 'डिफेनेस्ट्रेशन'चा अर्थ कुणाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं. १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्यात बंडखोरांनी बादशहाच्या कारभाऱ्यांना तसं फेकलं, आणि हा शब्द मुख्यतः त्या शहराच्या इतिहासाला चिकटून राहिला. अर्थ एकदा कळला की विसरणं कठीण आणि वापरणं त्याहून कठीण. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' टाकला आणि अर्धा देश कोश उघडून बसला. मूळ लॅटिनमध्ये 'फरागो' म्हणजे गुरांना घालायचा मिश्र चारा, त्यावरून भेसळ, सरमिसळ. आपली वर्तमानपत्रं आघाडी सरकारला कडबोळं म्हणतात, साधारण त्याच चालीचा शब्द. त्या आठवड्यात मला तो तिघांनी ऐकवला. त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही.

शब्द किती वेळा भेटतो, यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथले आकडेही डोकं गरगरवणारे आहेत. ऑक्सफर्डकडे २०० कोटींहून जास्त शब्दांचा, खऱ्याखुऱ्या लिखाणातून गोळा केलेला इंग्रजीचा साठा होता. एकाच शब्दाची सगळी रूपं एक धरून त्यांनी तो मोजला. निव्वळ दहा शब्दांनी त्यातला पाव भाग व्यापलेला निघाला: द, बी, टू, ऑफ, अँड, अ, इन, दॅट, हॅव, आय. शंभर शब्दांत निम्मं इंग्रजी. हजारात पाऊण. ७ हजारांत ९० टक्के. इथपर्यंत उतारावरची सायकल. मग चढ सुरू होतो. ९५ टक्क्यांना ५० हजार शब्द लागतात. ९९ टक्क्यांना दहा लाखांहून जास्त. म्हणजे निम्म्या भाषेला शंभर, आणि ९५च्या पुढच्या चार टक्क्यांना साडेनऊ लाखांहून अधिक. माझी जीआरईची यादी या शेवटच्या चढावरचे दगड वेचत होती.

वाचकाला प्रत्यक्षात किती लागतात याचा हिशेब न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. ते शब्दांची कुटुंबं मोजतात. 'डिसाइड', 'डिसिजन' आणि 'डिसायसिव्ह' एकाच घरचे, आणि माणसांची-गावांची नावं ओळखीचीच धरलेली. अशी ८ ते ९ हजार कुटुंबं ओळखीची असली, तर कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द कळतात. ९८ टक्के ऐकायला मार्कशीटसारखं छान वाटतं, पण त्याचा अर्थ दर पन्नास शब्दांत एक अनोळखी. चारशे शब्दांच्या पानावर आठ. ९५ टक्के असतील तर वीस अनोळखी, म्हणजे दर दोन ओळींत एकदा ठेच. ज्यांनी मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगच्या वर्गात उडी मारली त्यांना ती ठेच अजून आठवत असेल.

त्या मुलांसाठी खरं तर कुणीतरी एक यादी करून ठेवली होती, पण ती आमच्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला. २००० साली, न्यूझीलंडमधल्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंध मिळून ३५ लाख शब्द चाळले आणि सर्व विषयांत पुन्हा पुन्हा येणारी फक्त ५७० कुटुंबं बाजूला काढली. ॲनालाइझ, डिराइव्ह, हायपोथेसिस, सिग्निफिकंट, व्हेअरॲज असले शब्द. कुणाला प्रभावित करण्याच्या लायकीचा एकही नाही. पण विद्यापीठातल्या कुठल्याही पुस्तकाचा दहावा हिस्सा या ५७० घरांतला असतो. रोज वीसच्या हिशेबाने हे काम एका महिन्याच्या आत उरकतं. साडेतीन हजार फुलबाज्या की ५७० खिळे, असा सौदा समोर ठेवला असता तर मी काय घेतलं असतं? फुलबाज्याच घेतल्या असत्या. विशीतला माणूस खिळे कशाला घेईल?

मोजक्या शब्दांचा हा विचार मुळात आपल्याच उपखंडात मुरला होता. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकात पानापानाला नव्या शब्दांची गर्दी असते आणि पोरं तिथेच गुदमरतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात पाहिलं. त्यांनी वाचनपुस्तकं नव्याने रचली. नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने आणायचा, आणि आला की पुन्हा पुन्हा भेटवायचा. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २ हजार शब्दांची यादी निघाली. त्यात शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे तो अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही दिलेलं होतं. 'रन'ची किंमत वेस्टना कळलेली होती.

मग ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांच्याकडे किती शब्द असतात? २०१६ साली दोन लाखांहून जास्त लोकांच्या चाचण्यांवरून मार्क ब्रिसबार्ट आणि सहकाऱ्यांनी अंदाज बांधला की वीस वर्षांच्या सरासरी अमेरिकी माणसाला ४२ हजार मूळ शब्द माहीत असतात, आणि साठाव्या वर्षी ४८ हजार. चाळीस वर्षांत भर पडली सहा हजारांची. भागाकार करा. अडीच दिवसाला एक शब्द! जन्मल्यापासून त्या भाषेत जगणारा प्रौढ अडीच दिवसाला एक शब्द उचलतो, आणि सदाशिव पेठेतल्या खोलीत आम्ही दिवसाला वीस उचलायला निघालो होतो.

शेक्सपिअरचा हिशेबही एकदा मांडला गेलाय, आणि तो फुलपाखरांच्या गणिताने. त्याच्या समग्र लेखनात ८ लाख ८४ हजार ६४७ शब्द आहेत. वेगवेगळे ३१ हजार ५३४. त्यातले १४ हजार ३७६ त्याने आयुष्यात एकदाच वापरले. १९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड या संख्याशास्त्रज्ञांनी विचारलं: त्याला माहीत होते पण लिहिलेच नाहीत, असे शब्द किती? पूर्वी मलायात जाळ्यात सापडलेल्या फुलपाखरांवरून न सापडलेल्या जातींचा अंदाज काढायची रीत रोनाल्ड फिशर यांनी बसवली होती. तीच इथे लावली. उत्तर आलं, किमान ३५ हजार. नऊ वर्षांनी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात ४२९ शब्दांची एक कविता सापडली आणि ती शेक्सपिअरची असल्याचा दावा झाला. सूत्राने सांगितलं, कविता त्याची असेल तर त्याने आधी कुठेही न वापरलेले साधारण सात शब्द त्यात असावेत. मोजले तर नऊ निघाले. कविता कुणाची हा वाद अजून मिटलेला नाही, पण न लिहिलेल्या शब्दांचा ताळेबंद इतका जवळ यावा, याने मी गार पडलो.

आता वाटीच्या भोकाकडे, म्हणजे विसरण्याकडे येऊ. कारण टाकी उपसायची तर वाटी तरी धड हवी. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही काळाने पुन्हा पाठ करायची, आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजायचं. एका तासाने निम्म्याहून कमी वाचत. एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. महिन्याने एक पंचमांश. गंमत अशी की घसरण सगळी सुरुवातीला. पहिल्या दिवसात जेवढं सांडतं त्यामानाने पुढच्या महिन्यात फारच थोडं. त्यावरचा उपाय आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात तिन्हीसांजेला चालायचा. दिवेलागणीला परवचा, म्हणजे पाढे, पावकी, निमकी रोज तोंडपाठ म्हणणं. आज मोबाइलमध्ये जे फ्लॅशकार्डांचं ॲप असतं, जे आज, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने तोच शब्द पुन्हा पुढे करतं, ते परवच्याचंच वेळापत्रक लावलेलं भावंड. फक्त त्याचा हिशेब कुणी आधी सांगत नाही. समजा प्रत्येक शब्द पक्का व्हायला दहा उजळण्या लागतात. रोज वीस नवे घेतले तर थोड्याच महिन्यांत रोजच्या उजळणीला दोनशे कार्डं येतात. एकाला दहा सेकंद धरले तरी तेहतीस मिनिटं, आणि नवे वीस अजून उघडलेलेच नाहीत.

कार्डं नकोत, वाचनातून येतील तसे येऊ देत, असंही पुष्कळ जण सांगतात. मीही सांगत असे, आकडेमोड करेपर्यंत. दहा लाख शब्दांत एकदाच येणारा शब्द धरा. मिनिटाला दोनशे शब्दांनी वाचलं तर दहा लाख शब्द वाचायला ८३ तास लागतात. रोज एक तास वाचणाऱ्याला तो तीन महिन्यांतून एकदा भेटणार. दहा भेटींनंतर ओळख पक्की होते म्हटलं, तर सव्वादोन वर्षं. पहिल्या भेटीत काय अर्थ काढला होता, हे दुसऱ्या भेटीपर्यंत कुणाला आठवतंय?

पाठांतराची कमाल कुठे जाते हे बघायचं तर नायजेल रिचर्ड्स यांच्याकडे बघावं. हे न्यूझीलंडचे स्क्रॅबल खेळाडू. २०१५ मध्ये त्यांनी नऊ आठवड्यांत फ्रेंच स्क्रॅबलचा कोश डोक्यात भरला आणि बेल्जियममध्ये जाऊन फ्रेंच भाषेतलं जगज्जेतेपद जिंकलं. त्या कोशात सुमारे ३ लाख ८६ हजार शब्द. दिवसाला पडले सहा हजारांवर. फ्रेंच त्यांना बोलता येत नव्हतं. २०२४ मध्ये तोच पराक्रम त्यांनी स्पॅनिशमध्ये केला. शब्द लाखोंनी, अर्थ शून्य. आमच्या निळ्या शाईच्या संकल्पाचं हे टोकाचं, आणि मान्य करायला हवं, अतिशय देखणं रूप.

अर्थासकट आणि जरा घाऊक भावात शब्द घ्यायचे तर मला एकच वाट पटते, मुळांची. नॉर्मन लुईस यांचं १९४९ चं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर अजून विकलं जातं ते त्यामुळेच. लॅटिन 'लोक्वी' म्हणजे बोलणं. त्यावरून लोक्वेशस म्हणजे बडबड्या, एलोक्वंट म्हणजे वाक्पटू, सलिलोक्वी म्हणजे स्वगत, सर्कमलोक्यूशन म्हणजे आडवळणाने बोलणं, कलोक्वियल म्हणजे बोलीतलं. आणि व्हेन्ट्रिलोक्विस्ट, शब्दशः पोटातून बोलणारा. रामदास पाध्ये अर्धवटराव या बाहुल्याला बोलतं करतात ते. एका मुळाला सहा फळं. आपल्याला हे नवं वाटायचं कारणच नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार ही एका 'हृ' धातूची लेकरं आपण शाळेतच ओळखतो. पाणिनीय परंपरेत धातू सुमारे दोन हजार आणि उपसर्ग बावीस. नुसता गुणाकार केला तर ४४ हजार. सगळ्या जोड्या अर्थातच जमत नाहीत, पण त्या वीस वर्षांच्या अमेरिकी पोराच्या ४२ हजारांशेजारी हा आकडा ठेवून बघायला मजा येते.

संस्कृतवरून पुन्हा पुण्यात येऊ. १९४८ साली डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश हाती घेतला. पद्धत मरेंचीच. ग्रंथ वाचायचे, चिठ्ठ्या करायच्या. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या, ऑक्सफर्डच्या दुप्पट. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. पस्तीस भाग छापून झाले तरी कोश 'अ' या अक्षराच्या बाहेर पडलेला नव्हता.

हे वाचलं तेव्हा त्या निळ्या शाईवाल्याबद्दलचा माझा सगळा कुत्सितपणा गळून पडला. परवा भाचीने ते पुस्तक मागितलं. तिलाही परदेशी जायचंय. परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच गेले, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये मामा, पण असू दे." देण्याआधी पानं चाळली. 'ॲब्स्टीमियस'च्या पुढे माझ्या लाल खुणा होत्या. मी समजत होतो त्यापेक्षा बऱ्याच कमी. शेवटची 'अमीलियरेट'वर, म्हणजे सुधारणे. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी यादी पडलेली असेल. काढून बघा, शेवटची खूण कुठल्या शब्दावर आहे ती.